राउटर गुणगुणतो तेव्हा

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत बँक सखी ताईंनी केलेल्या बोलण्याचे शब्दांकन)

अध्यक्षताईंनी मला सांगितलं, "तुझ्या त्या राउटरची गोष्ट सगळ्यांना सांग." मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, माझी फजितीच झाली ती. तर त्या म्हणाल्या, फजितीच सांग. म्हणून उभी राहिले आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी आता वायफायची डबी आलेली आहे. कुणाच्या लेकराचा अभ्यास त्यावर, कुणाचं ऑनलाइन अर्ज भरायचं काम त्यावर. माझं तर पोटच त्यावर आहे. अंगठा लावून पैसे काढून देण्याचं मशीन मी गटाच्या कर्जातून घेतलं, ते पुढच्या खोलीत ठेवलंय. राउटर भिंतीवर, खाली पत्र्याची पेटी आणि पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्यांची चळत. ही गोधड्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रावणात एके रात्री सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या डबीत भुंगा बसलाय का गं? गुंगुं करतोय." मी कान दिला. आवाज होता खरा. पण मी म्हटलं, "आत्या, मशीन आहे, आवाज करणारच." झालं, विषय संपला. पंधरा दिवस तो भुंगा तसाच. सासूबाई रोज सांगायच्या, मी रोज हो म्हणायचे.

मग राउटर मध्येच बंद व्हायला लागला. दिवे जायचे, परत यायचे. दुपारी गर्दी झाली, चार जणींचे मोबाईल जोडले गेले की हमखास. आणि नेमका पगारीचा दिवस. खालच्या आळीतली एक आजी निराधारचे पैसे काढायला आली. तिने अंगठा लावला, मशीन फिरायला लागलं आणि राउटर गेला. खात्यातून हजार रुपये वजा, हातात शून्य. पैसे चौथ्या दिवशी तिच्या खात्यात परत आले. पण ते चार दिवस! आजी मला एका शब्दाने बोलली नाही. गावात मात्र बोलणं झालं, की हिच्याकडे अंगठा लावला की पैसे जातात. बँक सखीचं दुकान माल नाही विकत ताईंनो, भरवसा विकतं.

(जाता जाता सांगते. असा व्यवहार मध्येच अडकला तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा लावायचा नाही. आधी बॅलन्स बघायचा, फेल झाल्याची पावती जपून ठेवायची.)

मी नेट जोडून देणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, "राउटर गेला, नवा टाका, दोन हजार होतील." दुसऱ्या दिवशी आला, पिशवीतून एक राउटर काढला, माझ्या जुन्या वायरीला जोडला, पैसे घेऊन गेला. खोका नाही, बिल नाही. मी आवाजाचं विचारलं तर म्हणे, "ताई, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." संध्याकाळी भुंगा परत सुरू! नवा राउटर, तोच आवाज.

कळलं कुणाला, तर माझ्या चुलत जावेला. तिच्या घरी मोटारी भरायचं काम चालतं. लहानपणापासून तांब्याच्या तारा गुंडाळत आलेली बाई. ती हळद-कुंकवाला आली होती. तिने राउटरकडे पाहिलंसुद्धा नाही, भिंतीतल्या बोर्डाला लावलेल्या काळ्या ठोकळ्याजवळ उलटा हात नेला, आणि म्हणाली, "अगं, हा तर तव्यासारखा तापलाय." खालचं बटण बंद करून तो उपसला. त्याचं प्लास्टिक पिवळट पडलेलं, बोर्डाच्या एका भोकाभोवती काळा डाग. आणि खाली माझ्या गोधड्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. सासूबाई त्याच खोलीत निजतात.

नवा अडॅप्टर अडीचशेला मिळाला, बोर्ड बदलायला वायरमनने दीडशे घेतले. मग जुना राउटर त्या नव्या अडॅप्टरवर लावून पाहिला, तर दिवसभर एकदाही बंद पडला नाही. म्हणजे माझे दोन हजार फुकट गेले. चारशेचं काम होतं.

आता हा आवाज येतो कुठून, ते मला जसं समजलं तसं सांगते. गावातल्या डीपीजवळ उभं राहिलं की घूं असा आवाज येतो ना? आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, त्यामुळे डीपीतल्या लोखंडाच्या पट्ट्या सेकंदाला शंभर वेळा थरथरतात. त्याचा तो आवाज. जुने जड अडॅप्टर म्हणजे छोटी डीपीच, ते थोडं घुमणारच. हल्लीचे हलके अडॅप्टर वेगळे. त्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, इतकी भरभर की तो आवाज आपल्या कानाला कळत नाही. कळायला लागला, तर आतलं काहीतरी सैल झालंय किंवा दमलंय असं समजायचं.

दमतं ते बहुतेक वेळा कपॅसिटर नावाचं बारकं नळकांडं. नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी घरात टाकी असली की धार एकसारखी पडते ना? कपॅसिटर म्हणजे ती टाकी. उन्हाने, उष्णतेने तिच्यातला ओलावा सुकतो, वरचं टोपण फुगतं, आणि मग धार तुटक पडते. राउटरला तुटक वीज मिळाली की तो बंद-चालू, बंद-चालू करतो. माझ्याकडे हेच चाललं होतं. गुणगुण आणि मध्येच बंद पडणं हे दोन्ही एकदम दिसलं, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या, राउटरवर नाही.

शोधायचं कसं? रात्री घर शांत झालं, पंखा-टीव्ही बंद केला, की वर्तमानपत्राची सुरळी करा. एक टोक कानाला, दुसरं आधी राउटरजवळ, मग अडॅप्टरजवळ, मग बोर्डाजवळ. लोखंडाचं, स्टीलचं काही घ्यायचं नाही, आणि हात कोरडे हवेत. जिथे आवाज मोठा, तिथे दुखणं. राउटरमध्ये बहुधा पंखा नसतो, त्यामुळे त्याच्यातून घरघर यायचं फारसं कारण नसतं. मग राउटरमागची गोल पिन काढा. अडॅप्टर बोर्डातच राहू द्या. आवाज गेला की वाढला ते बघा. नंतर बटण बंद करून अडॅप्टर दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या बोर्डाला लावून बघा. तिथे आवाज नसेल, तर दोष आपल्या पहिल्या बोर्डात आहे.

अगदी कान चिकटवल्यावर बारीकशी सूं ऐकू आली आणि अडॅप्टर नुसता कोमट असेल, तर घाबरू नका. माझ्या मुलीला एक बारीक शिट्टी ऐकू येते, मला येत नाही. वय वाढलं की असे बारीक आवाज कानातून निघूनच जातात म्हणे. पण तडतड, चटचट असा आवाज असेल, जळका वास असेल, बोर्डावर काळा-तपकिरी डाग असेल, तर ऐकत बसायचं नाही. बटण बंद करायचं. बटणच तापलेलं असेल तर त्याला हातही न लावता मेन खाली पाडायचा आणि वायरमनला बोलवायचं.

काही जणी म्हणतात, आवाज फक्त लाईट गेल्यावर येतो. मग तो इन्व्हर्टरचा आहे. स्वस्तातले जुने इन्व्हर्टर वीज झटके देत देतात, तेव्हा पंखासुद्धा घुमतो, बघा कधी. अडॅप्टर लगेच जळत नाही, पण त्याचं आयुष्य कमी होतं. आणि एक धोक्याची खूण सांगते. पंखा अचानक जोरात पळायला लागला, बल्ब नेहमीपेक्षा पांढरे झाले आणि सगळेच अडॅप्टर गुणगुणले, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्यायची. व्होल्टेज खूप चढतं. मेन पाडा, लाईनमनला कळवा. असं झालं तर राउटर, टीव्ही, फ्रिज एका रांगेत जळतात.

आता दुकानात जाल तेव्हा फसू नका. जुना अडॅप्टर सोबत न्या. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आउटपुट लिहिलंय तिथे बघायचं. बहुतेक राउटरला १२ व्होल्ट लागतात, काहींना ९ किंवा ५. व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे, यात तडजोड नाही. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. राउटरला १.५ अँपिअर लागत असताना अर्ध्या अँपिअरचा लावला, तर तो उर फुटेपर्यंत धावणाऱ्या बैलासारखा तापतो. आणि गोल पिनच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिकची खूण आहे की वजाची, तेही दोन्हीकडे सारखंच हवं. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही. बीआयएसची खूण आणि तिच्याजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. आपल्या देशात अशा अडॅप्टरला ती नोंदणी सक्तीची आहे. बिल मागा. मागायला लाजायचं नाही, मी लाजले म्हणून दोन हजाराला गेले.

दोन गोष्टी मात्र करू नका. अडॅप्टर उघडायचा नाही. बोर्डातून काढला तरी आतल्या त्या टाकीत तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते, जोराचा झटका बसतो. माझी जाऊ इतकी मोटारी भरणारी, तीसुद्धा उघडत नाही, फेकून देते. आणि राउटरच्या मागच्या बारक्या भोकात टाचणी घालायची नाही. त्याने आवाज जात नाही, सेटिंग मात्र सगळं पुसलं जातं. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद. आमच्या शेजारच्या मुलाने केलेला उद्योग आहे तो. तीन दिवस गेले.

बाकी जागेचं तुम्हाला कळतंच. राउटरला क्रोशाचं झाकण छान दिसतं, पण काढून टाका, त्याला वारा लागतो. उबेला पाली आणि मुंग्या आत शिरतात, म्हणून महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या ब्रशने भोकं झाडा. मिक्सर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शनवर नको. ढग गडगडायला लागले की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरची तार काचेची असते, ती कोपऱ्यात घट्ट दुमडू नका. राउटरवर लाल दिवा लागला तर ती तारेची तक्रार, तिचा गुणगुणण्याशी काही संबंध नाही. कंपनीला फोन करा.

गोधड्यांची पेटी आता दुसऱ्या भिंतीला आहे. सासूबाई रोज रात्री निजण्याआधी राउटरखाली क्षणभर उभ्या राहतात, कान देतात, आणि मग म्हणतात, "नाही गं, गप्प आहे." ती आजीही परवा पगार घ्यायला आली होती. पैसे मोजून झाल्यावर तिने अडॅप्टरकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हा नवा ना?" मी हो म्हटलं.

ज्या ताई घरून अडॅप्टर घेऊन आल्या आहेत, त्यांनी चहा झाल्यावर खिडकीजवळ या. जाऊबाई मीटर घेऊन बसल्या आहेत. फक्त एक सांगून ठेवते, मीटरवर १२ दिसले म्हणजे अडॅप्टर चांगलाच असं नाही. ओझं नसताना तो १२ दाखवतो आणि राउटर जोडला की बसतो. म्हणून एक चालू राउटरही आणून ठेवलाय, तो जोडूनच बघू.