बले सारखी, तरी चाल सुरू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस, काहीतरी सांग, पण परीक्षा घेऊ नकोस." एक प्रश्न तरी विचारतोच.

लिफ्ट एकसारख्या वेगाने वर चालली आहे. आत ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे. काटा किती दाखवेल? ६०, जास्त, की कमी?

दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गाला मी हे विचारतो. बहुतेक हात 'जास्त'साठी वर जातात. न्यूटनचा पहिला नियम या मुलांना तोंडपाठ असतो, तरीही.

उत्तर ६०च. लिफ्ट निघताना वेग वाढतो, म्हणून काटा क्षणभर पुढे सरकतो. वर पोचून थांबताना मागे येतो. मधल्या प्रवासात पृथ्वी त्याला जेवढं खाली ओढते, तेवढंच काटा त्याला वर ढकलतो. बले संतुलित असतात. संतुलित बलांमुळे चालती वस्तू थांबत नाही. तिचा वेग बदलायचा थांबतो.

मुलं चुकतात ती अनुभवामुळे. हातगाडी ढकलणं सोडलं की ती थांबते, हे सगळ्यांनीच पाहिलंय. गती टिकवायला सतत बल लागतं, असं ॲरिस्टॉटललाही वाटत होतं. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले आणि विचार केला : समोरचा चढ जितका सौम्य, तितका गोळा लांब जातो, मग चढच नसेल, घर्षणही नसेल, तर तो थांबेल कशाला? १६८७ साली न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त ते नियम म्हणून मांडलं. हातगाडी थांबते, कारण आपण हात काढल्यावर घर्षण एकटं उरतं. ती एकसारख्या वेगाने चालते, तेव्हा आपला सगळा जोर घर्षणाची बरोबरी करण्यातच जातो.

पावसाचंही असंच. हवेचा विरोध नसता, तर दोन किलोमीटरवरून सुटलेला थेंब ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने आदळला असता. पण वेगाबरोबर विरोधही वाढतो आणि वजनाइतका झाला की वेग तिथेच स्थिरावतो. टपोरा थेंबही सेकंदाला साधारण ९ मीटरनेच खाली येतो. म्हणून तर भाताची रोपं मुसळधार पावसातही तगतात.

दोन वर्षांपूर्वी माझं उत्तर न पटलेल्या एका मुलीने घरचा स्प्रिंगचा वजनकाटा सोसायटीच्या लिफ्टमध्ये नेला. चार-पाच फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, आता पटलं." मी तासभर बोलून जे झालं नव्हतं, ते काट्याने केलं.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण निधी जमवतो आहोत. त्यातून महागडी उपकरणं येतील तेव्हा येवोत. आधी असे दोन-चार वजनकाटे, गुळगुळीत फळ्या आणि गोळे घेऊया. शिक्षकांना माझी विनंती आहे : नियम सांगण्याआधी मुलांना अंदाज करू द्या, आणि तो चुकला तरी गुण कापू नका. पालक झालेल्या मित्रांनो, तुम्हीही घरी हा लिफ्टचा प्रश्न विचारा. उत्तर लगेच सांगू नका. आधी काटा शोधू द्या.