आवर्तन आणि ध्वनिकण : अमीनाबादच्या शेजारी जाऊन ऐकताना
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दिवेलागणीला परवचा म्हणणारी मुले मराठी घरांतून आता फारशी दिसत नाहीत. ज्यांनी तो म्हटला किंवा ऐकला आहे, त्यांना त्याची एक खूण मात्र आठवत असेल. तेच पाढे, तीच पावकी, तीच निमकी रोज म्हटली जाई. तरी कोणतेही दोन दिवस तंतोतंत सारखे नसत. एखादे मूल सतराच्या पाढ्यात अडखळे, दुसरे त्याला सावरून घेई, तिसरे घाईने पुढे पळे. पुनरावृत्ती होती, पण ती जिवंत माणसांची होती. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय पुनरावृत्तीच आहे; फक्त ती करणारे आता यंत्र आहे. मॉड्युलर सिंथेसायझर या विद्युत्‌वाद्यात लूपर आणि ग्रॅन्युलर प्रोसेसर असे दोन घटक वापरतात. पहिला घटक आवाज फिरवत ठेवतो, दुसरा त्याचे कण करतो. विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तो उलगडण्यासाठी लखनौतील अमीनाबादची वाट धरणे सोयीचे आहे. कारण त्या बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर एका मराठी माणसाने आवाज जपण्याचा आणि त्याचे तुकडे करण्याचा प्रश्न यंत्राविना हाताळला होता.

अमीनाबाद हा लखनौचा जुना, गजबजलेला बाजार. चिकनकामाचे कपडे, पुस्तके, भांडी, अत्तरे, कबाब आणि कुल्फी यांची तेथे रेलचेल. बाजाराला लागूनच कैसरबाग आहे. नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील तेथील वास्तूंपैकी परीखान्यात संगीताचे महाविद्यालय नांदले. मुंबईत वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या ध्यासातून, राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने ते 1926 साली सुरू झाले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. पुढे 1966 साली त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले. 1928 पासून त्याची धुरा सांभाळणारे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हेही मुंबईचेच. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला तबल्याची साथ करून मराठी रसिकांचे लाडके झालेले उस्ताद अहमदजान थिरकवा यांनीही उत्तरायुष्यात याच संस्थेत अध्यापन केले.

थिरकवांच्या एकल तबलावादनापाशी लूपरचे मूळ तत्त्व सापडते. एकल तबलावादनात आणि लखनौच्या कथकमध्ये सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा धरतात. एका आवर्तनाएवढी छोटी सुरावट; तीच पुन्हा पुन्हा, कधी तासभरसुद्धा. त्या फिरत्या वर्तुळावर तबलजी कायदे, रेले, गती मांडतो आणि नर्तक तिहाई घेऊन समेवर येतो. लेहरा मनोरंजनासाठी नसतो. समोरच्याला आपण कोठे आहोत हे कळावे, यासाठी तो असतो.

लूपर हे काम विद्युत्‌साधनाने करतो. अमीनाबादच्या एखाद्या नाक्यावर सोळा सेकंदांचे ध्वनिमुद्रण केले आहे, अशी कल्पना करावी: सायकलरिक्षाची घंटी, तव्यावर आपटणारे उलथणे, फेरीवाल्याची हाक, दूरची अजान. लूपरला सुरुवातीची खूण दिली, शेवटची खूण दिली, की ते सोळा सेकंद अखंड फिरू लागतात. तीनतालाच्या सोळा मात्रा, प्रत्येक मात्रा एक सेकंदाची, असा हिशेब धरल्यास हे एक आवर्तन झाले. शेवटची खूण दशांश सेकंदाने चुकली, तर दहा आवर्तनांत एक संपूर्ण मात्रा सरकते आणि सोबतच्या तालाशी फारकत होते. म्हणून लूपर वापरणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती कापण्याची जागा. रिक्षाच्या घंटीच्या मध्यावर कापले तर दर फेरीला धक्का बसतो. दोन आवाजांमधल्या क्षणिक शांततेत कापले तर सांधा कळत नाही.

दुसरी गोष्ट आहे जुन्यावर नवे चढवण्याची. फिरत्या आवाजावर दुसरा आवाज मुद्रित करता येतो आणि दर फेरीला जुन्याचा किती अंश राखायचा, हे ठरवता येते. दर फेरीला ऐंशी टक्के राखला तर तीन फेऱ्यांनंतर मूळ आवाज जवळजवळ निम्मा उरतो, दहा फेऱ्यांनंतर अकरा टक्क्यांच्या आत येतो. शंभर टक्के राखला तर काहीच विरत नाही. थरावर थर चढतात आणि थोड्याच वेळात नुसता कल्लोळ उरतो. चांगले लूप-वादन पुष्कळदा योग्य वेळी विसरण्यावर अवलंबून असते.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी 1948 साली तबकडीवर बंद खाचा वापरून एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजवला. पुढे चुंबकीय फितीची दोन टोके जोडून तेच साधण्यात आले. भारतातही हे काम झाले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर आणि ध्वनिफितींची यंत्रे असलेला कक्ष उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या फिती पुढे अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि 2023 साली त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. फिती जपल्या गेल्या होत्या, म्हणूनच त्या पुन्हा ऐकता आल्या.

आता ध्वनिकणांकडे वळावे. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी 1940 च्या दशकात असा विचार मांडला की, कोणताही आवाज हा अतिसूक्ष्म ध्वनिकणांचा समूह मानता येतो. संगीतकार यानिस झेनाकिस यांनी तो विचार रचनेत आणला. ब्रुसेल्सच्या 1958 च्या जागतिक प्रदर्शनातील त्यांची एक रचना जळत्या कोळशाच्या तडतडीच्या बारीक तुकड्यांतून घडलेली होती. 1970 च्या दशकात कर्टिस रोड्स यांनी हे काम संगणकाकडून करून घेतले, तर 1980 च्या दशकात बॅरी ट्रुअॅक्स यांनी ते आवाज चालू असतानाच, तत्क्षणी करून दाखवले. आज हाताच्या पंजाएवढ्या घटकात ते सामावते.

अमीनाबादच्या त्याच सोळा सेकंदांचे पन्नास मिलिसेकंदांचा एक, असे तुकडे केले तर तीनशे वीस कण होतात. इतक्या तुकड्यात शब्द मावत नाही. फेरीवाल्याच्या हाकेतील एखाद्या स्वराचा केवळ रंग मावतो. ग्रॅन्युलर प्रोसेसरवर मुख्यतः चार गोष्टी ठरवायच्या असतात: कण मुद्रणाच्या कोणत्या ठिकाणाहून उचलायचा, तो किती लांब असावा, एका सेकंदात किती कण सोडायचे आणि प्रत्येक कणाचा स्वर किती चढा किंवा उतरा ठेवायचा. प्रत्येक कणाची सुरुवात आणि शेवट हळुवार उतरता ठेवावा लागतो. नाहीतर कणागणिक ‘टक्’ असा आवाज येतो.

यातून जुन्या फितीला न जमणारी गोष्ट साधते. फीत निम्म्या वेगाने चालवली की आवाज एक सप्तक खाली उतरतो. येथे मात्र उचलण्याची जागा सावकाश पुढे सरकवायची आणि प्रत्येक कण मूळ वेगानेच वाजवायचा. मग सोळा सेकंदांचा बाजार तीन मिनिटे चालतो, तरी घंटीचा स्वर ढळत नाही. जागा एकाच ठिकाणी रोखली, तर हाकेतला एकच स्वर तानपुऱ्यासारखा लांबत राहतो. सेकंदाला शंभर कण अगदी समान अंतराने सोडले की शंभर आवर्तनांचा एक नवाच स्वर कानी पडतो. तेच कण विस्कळीत सोडले की पत्र्यावरच्या पावसाचा भास होतो.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ही दोन्ही कामे स्वतंत्र पेट्यांत असतात आणि वादक ती तारांनी जोडतो. तारांतून आवाज जातो, तसा नियंत्रणाचा विद्युत्‌दाबही जातो. सर्वसाधारण संकेत असा की, एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. म्हणजे कणांच्या स्वराला शून्य आणि एक व्होल्ट यांखेरीज काही न दिल्यास ते षड्जातच, मध्य आणि तार सप्तकांत फिरतात, 0.585 व्होल्ट दिला की पंचम लागतो. यादृच्छिक दाब मोकळा सोडला तर सूर हरवतो. नवशिक्याने हा मोह प्रथम आवरावा.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा. लूपर आधी आणि ग्रॅन्युलर नंतर ठेवला तर खाली एक ओळखीचे आवर्तन फिरत राहते आणि त्यावर कण उधळता येतात; ऐकणाऱ्याला सम सापडते. क्रम उलटा केला तर कणांचा ढग प्रथम तयार होतो आणि त्यातील चांगला भाग लूपर पकडून ठेवतो. पोत समृद्ध होतो, पण समेची जाणीव पुसट होते. पहिल्या पद्धतीत मूळ आवाजाची एक शुद्ध धार मिश्रकावर वेगळी राखून ठेवावी. दोन्ही घटकांचा आवाज फिरवून एकमेकांना परत देण्याचा प्रयोग करताना पातळी अगदी कमी ठेवावी. तसे न केल्यास क्षणार्धात कर्कश किंकाळी उठते आणि कानांना इजा होऊ शकते.

येथे पुन्हा कैसरबागेत परतणे प्राप्त आहे. कारण भातखंड्यांनी जे केले तेही एका अर्थी कण करणेच होते. घराण्यांच्या पोतडीत बंद असलेल्या चिजा त्यांनी देशभर हिंडून मिळवल्या. अनेक उस्ताद त्या द्यायला नाखूश होते. मिळालेली प्रत्येक चीज त्यांनी स्वरास्वरांत उकलली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली टिंब, तारासाठी वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य: अशा साध्या खुणांनी गाणे कागदावर आले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग त्यातून घडले आणि ते मुळात मराठीत लिहिले गेले. त्यावर आक्षेपही घेतले गेले. मींड, आंदोलन, श्रुतीचा सूक्ष्म चढउतार आणि गायकाचा श्वास या खुणांत मावत नाही, असे म्हटले गेले. ते खरेच आहे. पन्नास मिलिसेकंदांच्या कणात जसा शब्द मावत नाही, तसाच लिहिलेल्या स्वरात गळा मावत नाही.

परंतु तुकडे करण्याने जे गमावले, त्याच्या बदल्यात काय मिळाले तेही मोजले पाहिजे. जी चीज उस्तादाच्या कृपेवर अवलंबून होती, ती फी भरून वर्गात बसणाऱ्या कोणत्याही मुलाला मिळू लागली. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा कृष्णा गुंडोपंत गिंडे हा मुलगा अकराव्या वर्षी, 1936 साली, रातंजनकरांकडे लखनौला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात भातखंडे निवर्तले. पुढे पंडित के. जी. गिंडे या नावाने तो मुलगा त्या परंपरेचा अधिकारी आचार्य झाला. त्याच्या हाती पुस्तक होते. पण पुस्तकात न मावलेले सारे त्याला गुरूसमोर बसून, तेच तेच पुन्हा म्हणून मिळवावे लागले. कागदाने चिजेचा सांगाडा सांभाळला, आवर्तनाने तिच्यात प्राण घातला. या दोहोंपैकी एकच असते तर परंपरा एक तर मुकी झाली असती किंवा बंदिस्त राहिली असती.

लूपर आणि ग्रॅन्युलर प्रोसेसर यांना याच मापाने तोलावे. यंत्र सांभाळते, फिरवते, उकलते. कोणता तुकडा ठेवण्याजोगा आहे, कोठे कापावे, कोणता थर विरू द्यावा, हे ते ठरवत नाही. ते कान ठरवतो, आणि कान घडवावा लागतो. ज्या मुलाने एक आवर्तन मन लावून ऐकले नाही, त्याला यंत्रावरची शेकडो आवर्तनेही काही देणार नाहीत.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. शाळेची घंटा, परिपाठाची प्रार्थना, पाढ्यांचा एकसुरी गजर, निवृत्त शिक्षकांनी वर्गात शिकवलेली कविता त्यांच्याच तोंडून, हे सारे मुद्रित करून ठेवावे. कोणाचाही आवाज घेण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी. मूळ मुद्रणाची एक प्रत संस्कार न करता वेगळी जपावी. कारण एकदा कण झालेल्या आवाजातून मूळ माणूस परत उभा करता येत नाही. त्यानंतर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर मुलांना खुशाल प्रयोग करू द्यावेत: फिरवू द्यावे, ताणू द्यावे, उधळू द्यावे. आणि दर शनिवारी एखाद्या माजी विद्यार्थ्याने वर्गात येऊन, यंत्र बंद ठेवून, ती कविता मुलांकडून प्रत्यक्ष म्हणून घ्यावी.

कोणी सतराच्या पाढ्यात अडखळेलच. शेजारच्याने त्याला सावरून घ्यावे.