आपण नेमके कुणाला हसतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पडद्यावर किंवा रंगमंचावर एखादं समलिंगी पात्र आलं की आपण प्रेक्षक काय करतो, हा आजचा विषय आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांकडे नजर टाकली तर आपण साधारण तीन गोष्टी केलेल्या दिसतात. क्वचित दगड मारले. पुष्कळदा हसलो. आणि उरलेल्या वेळी, जणू काही पाहिलंच नाही अशा थाटात गप्प बसलो. या तिन्हींचा आज थोडा हिशेब मांडू या.

दगडांपासून सुरुवात करू. दीपा मेहता यांचा 'फायर' हा चित्रपट १९९६ मधला. तो आपल्याकडे नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. दिल्लीतलं एकत्र कुटुंब, त्यातल्या दोन जावा, दोघींचेही संसार कोरडे, आणि त्यातून त्या एकमेकींच्या जवळ येतात, अशी ही कथा. शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्या भूमिका होत्या. सेन्सॉर मंडळानं चित्रपट प्रौढांसाठी म्हणून मंजूर केला होता. सुरुवातीचे काही आठवडे तो बिनबोभाट चालला. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांत तोडफोड केली. पाठोपाठ दिल्लीतल्या रीगल चित्रपटगृहावर हल्ला झाला. खेळ बंद पडले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये एकही काट न बसता परत आला. मग तो शांतपणे चालला.

आता यातली गंमत बघा. त्याआधी सात वर्षं, म्हणजे १९९१ मध्ये, 'मस्त कलंदर' नावाचा हिंदी चित्रपट येऊन गेला होता. त्यात अनुपम खेर यांनी पिंकू नावाचं पात्र रंगवलं होतं. रंगीबेरंगी कपडे, लचकत चालणं, पुरुषांकडे पाहून मुरकणं, असा सगळा मामला. त्या चित्रपटावर कुणी दगड मारला नाही, कुणाची संस्कृती बुडाली नाही. लोक हसले आणि घरी गेले.

मग 'फायर'वरच एवढा राग का? पिंकू आपल्या घरातला कुणी वाटत नव्हता. तो जणू दुसऱ्याच कुठल्या तरी दुनियेतला प्राणी होता. 'फायर'मधल्या बायका मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या होत्या. त्या पोळ्या लाटत होत्या, सासूची सेवा करत होत्या, उपास करत होत्या. त्यांची नावं राधा आणि सीता होती, आणि या नावांवर तर फारच मोठा आक्षेप होता. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, तरी राग शमला नाही. म्हणजे समलिंगी माणूस लांबचा असला, विदूषक असला, तर तो चालतो. तो आपल्या घरात, आपल्या नावानं, आपल्यासारखाच दिसू लागला की आपला तोल जातो.

दगडाचं समर्थन कोण करील? पण त्याचा एक परिणाम मारणाऱ्यांच्या मनात नव्हता, तोही सांगायला हवा. त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीत रीगलसमोर लोक मेणबत्त्या घेऊन जमले. त्यांत स्वतःला उघडपणे समलिंगी म्हणवणाऱ्या भारतीय स्त्रियाही होत्या. जो विषय घरात कुजबुजत बोलायचीही चोरी होती, तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. दगडानं निदान भांडण सुरू झालं. हसण्यानं आणि गप्प बसण्यानं मात्र भांडणालाही जागा ठेवली नाही.

आता हसण्याकडे येऊ. २००३ च्या 'कल हो ना हो'मधली कांताबेन आपल्याला आठवत असेल. सुलभा आर्य यांनी ती भूमिका केली होती. घरातले दोन तरुण नको त्या अवस्थेत दिसतात आणि बिचारीची घाबरगुंडी उडते. सगळा भारत खळखळून हसला. २००८ मध्ये आलेल्या 'दोस्ताना'मध्ये दोन नायक भाड्याचं घर मिळावं म्हणून समलिंगी जोडपं असल्याचं सोंग करतात. पुन्हा हशा.

इथे कुणी म्हणेल, अहो, विनोद आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आणि ते अगदीच खोटं नाही. कांताबेनच्या प्रसंगात हसू खरं तर कांताबेनच्या भीतीचं आहे, असंही म्हणता येईल. 'दोस्ताना'मध्ये किरण खेर यांनी रंगवलेली आई रडते, चिडते आणि शेवटी मुलाच्या त्या 'जोडीदारा'ला सुनेसारखं घरात घ्यायला तयार होते. कितीतरी घरांत हा शब्द आई-वडिलांसमोर पहिल्यांदा उच्चारला गेला तो या चित्रपटामुळे, हेही खरं आहे.

पण एक क्षणभर दिवाणखान्यात डोकावून बघा. रविवारची दुपार, टीव्हीवर चित्रपट लागलाय. आजी, आई-बाबा, काका, सगळे पोट धरून हसताहेत. त्यांच्यातच सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा बसलाय. वर्गातली मुलं मुलींबद्दल जे बोलतात ते आपल्याला कधी वाटत नाही, हे त्याला वर्षभरापूर्वी उमगलंय. त्यानं ते कुणाला सांगितलेलं नाही. तोही हसतो. इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच हसतो, म्हणजे कुणाला शंका यायला नको. त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळते, की घरातल्या या माणसांना आपण कधीच काही सांगायचं नाही. कुणी त्याला रागावलेलं नाही, कुणी हात उगारलेला नाही. सगळे फक्त हसले. दगड मारणारा परका असतो, श्रोतेहो. हसणारी माणसं घरची असतात.

आणखी एक घोटाळा आपण करतो. स्त्रीवेष, बायकी हावभाव आणि समलिंगी प्रेम या तीन निराळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची एकच मोट बांधतो. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूवर मराठी माणसानं जीव ओवाळून टाकला. त्यांची साडी नेसण्याची पद्धत घरंदाज बायकांनी उचलली. त्याच महाराष्ट्रात तमाशातल्या नाच्याची मात्र टवाळी झाली. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' २०१० मध्ये आला, तेव्हा अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला गुणा आपण पाहिला. त्याचा बायको-मुलांचा संसार आहे. कलेसाठी तो नाच्या होतो आणि केवळ तेवढ्यासाठी गाव त्याची विटंबना करतं. एकच गोष्ट प्रतिष्ठितानं केली तर कला, आणि गरिबानं केली तर चेष्टा. म्हणजे आपल्या हसण्यामागे नीतीची चाड असते असं समजायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट गप्प बसण्याची, आणि यात आम्ही मराठी माणसं तरबेज आहोत. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली होती. 'घाशीराम'वर आणि 'सखाराम बाइंडर'वर आपण वर्षानुवर्षं भांडलो. 'मित्राची गोष्ट' मात्र तेंडुलकरांच्या नाटकांची यादी सांगताना अनेकांच्या तोंडी येतच नाही. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यातल्या महिलाश्रमात दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधांचा प्रसंग आहे. 'उंबरठा'ची गाणी आपल्याला पाठ आहेत. स्मिता पाटीलच्या डोळ्यांबद्दल आपण भरभरून बोलतो. त्या दोन स्त्रियांबद्दल कुणाला बोलताना ऐकलंय का?

२००६ मध्ये सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून येतो आणि घरातला मुलगा आणि मुलगी, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मग ती जगभर वाचली गेली. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा ते घर पुण्यातून थेट केरळात कोचीला गेलं होतं.

आणि डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस? ते अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. कवी होते, नागपूरशी त्यांचं नातं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक त्यांच्या घरात घुसले, त्यांच्या खाजगी क्षणांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांना. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावर हंसल मेहता यांनी 'अलीगढ' हा चित्रपट केला, तो फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. मनोज वाजपेयी यांचे सिरस संध्याकाळी एकटे बसून लताबाईंची गाणी ऐकतात. आपल्या घरात एकटं बसून जुनी गाणी ऐकणारा मराठीचा प्राध्यापक यापेक्षा ओळखीचं चित्र कुठलं असेल? पण आपल्या भाषेच्या या शिक्षकाची कथा आपल्यापर्यंत आली ती हिंदीतून.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, असली पात्रं दाखवली तर मुलं बिघडतील. अहो, शंभराहून अधिक वर्षं आपण नायक-नायिकेचीच प्रेमं पाहतो आहोत. झाडाभोवती फिरणाऱ्या जोडप्यांची तर गणतीच नाही. पाहून माणूस तसा होत असता, तर आजवर एकही समलिंगी माणूस उरला नसता. दुसरा आक्षेप असा की, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. तर मग हेही लक्षात ठेवू या, की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून आलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीनं असलेले संबंध त्या कलमातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. कायद्याचा रस्ता असा अर्धाच झाला आहे.

पण घराचा उंबरठा कायद्यानं ओलांडता येत नाही. तिथे गोष्टीच कामाला येतात. म्हणून शेवटी एका मराठी चित्रपटाचं नाव घेतो. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक जमतात, आणि सुतकातसुद्धा लग्नाचा विषय निघतोच. गावात त्याला बालमित्र बाळ्या भेटतो. आईला मुलाचं मन ठाऊक आहे. पार्श्वसंगीत नाही, भाषणबाजी नाही, आरडाओरड नाही. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचं लाल फळ. वरून काटे, आत गोडवा. ज्याला काटे काढायची रीत माहीत आहे त्याच्याच हाती तो लागतो.

या चित्रपटात हसायला कुणी विदूषक नाही आणि दगड मारावा असं कुणी परकंही नाही. आहेत ती सुतकातली माणसं, त्यांची भाषा आणि त्यांचे मानपान. 'फायर'च्या वेळी ज्या घरगुतीपणानं आपल्याला राग आला, तोच घरगुतीपणा इथे पाहताना प्रेक्षक शांत बसले. सत्तावीस वर्षांत एवढं अंतर आपण चाललो, ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा श्रोतेहो, प्रत्येक चित्रपट आवडून घ्या असं मी म्हणत नाही. वाईट चित्रपटाला वाईट म्हणण्याचा हक्क प्रेक्षकाला असतोच. विनंती एवढीच, की पुढच्या वेळी घरात टीव्हीसमोर असा एखादा प्रसंग आला तर हसण्याआधी शेजारी कोण बसलंय याचा विचार करा. आणि जमलं तर एखादं साधं वाक्य बोला. "असतात अशीही माणसं, त्यात काय एवढं?" बस, एवढंच. तुम्ही ते सहज बोलून जाल, दहा मिनिटांत विसरालही. पण त्या खोलीत ते वाक्य ऐकायला कुणीतरी कित्येक वर्षं कान लावून बसलेलं असू शकतं.