‘मालक कुठे आहेत?’

(खापर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ताईंनी मला निरोप पाठवला, की घराच्या बांधकामावर दहा-पंधरा मिनिटं बोला. मी म्हटलं, मी अंगणवाडीतली बाई, मला बांधकामातलं काय कळतंय? तर त्या म्हणाल्या, पैसे बुडालेत ना तुमचे, मग कळत असणारच. म्हणून उभी राहिले आहे.

माझं घर तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलंय. पुढची बाजू जुनी, सागाच्या खांबांची आणि कुडाची, वर कौलं. मालक वारले तेव्हा मुलं लहान होती. मुलगी वयात येऊ लागली तशी मागे एक पक्की खोली, न्हाणीघर आणि संडास बांधायचं ठरवलं. मानधनातून भिशीत टाकलेले पैसे होते, शिवाय माहेरच्या दोन पाटल्या मोडल्या.

मिस्तरी दिरांनी आणला. दारात येऊन त्याचा पहिला प्रश्न: ‘मालक कुठे आहेत?’ मी म्हटलं, मीच आहे. त्याने मान हलवली आणि दिरांशी बोलायला लागला. खोली केवढी, दार कुठे, भाव काय, सगळं ओट्यावर बसून त्या दोघांनी ठरवलं. मी चहा केला. पैसे माझे आणि चहाही माझाच! मालासकट ठेका, तोंडी बोली, निम्मी रक्कम उचल म्हणून आधीच.

जोतं झालं, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि मिस्तरी दुसऱ्या कामावर निघून गेला. दोन महिने अर्धवट भिंती पावसात भिजत होत्या. परत आला तो जास्तीचे पैसे मागत. दिले. काय करणार? स्लॅब पडला त्या दिवशी मी तालुक्याला मीटिंगला होते. पाणी दोन दिवस मारलं, मग कोणी मारलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागलं. तिसऱ्या वर्षी एका रात्री छताचा पोपडा खाली आला, घमेलंभर असेल. मुलगी तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती. उशीवर सिमेंटचे तुकडे पडलेले मी या डोळ्यांनी पाहिले.

वर पाहिलं तर गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या. कारण मला नंतर समजलं. सळई पाट्यांवर तशीच टेकवून काँक्रीट ओतलं, की तिच्या खाली सिमेंटचं पांघरूणच राहत नाही. ओल लागते, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि खालचा थर ढकलून पाडतं. सळयांखाली पाऊण इंचाचे सिमेंटचे ठोकळे ठेवायचे असतात. एवढंच! काही रुपयांचं काम.

मिस्तरीने फोन उचलणं बंद केलं. तक्रार करायला गेले तर पहिला प्रश्न: पावती आहे? कागद आहे? माझ्याकडे चिठोरंही नव्हतं. खरं तर कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, त्यात १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून आली. आता २०१९ चा नवा कायदा आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण पुराव्याशिवाय जाऊन सांगणार काय?

पुढे छत पाडून पुन्हा करायची वेळ आली तेव्हा मी दिरांना म्हटलं, ‘भाऊ, या वेळी माणूस मी शोधते.’ ते रुसले. जाऊबाईही आठ दिवस बोलल्या नाहीत. ते असो.

शोधायचा कुठे? मला एकदम सुचलं ते बाजाराच्या दिवशी. दोन बिगारी बाया माझ्या शेजारी भाजी घेत होत्या. घमेली वाहणाऱ्या बाया! मालाचं प्रमाण त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? एका पोत्याला किती घमेली रेती टाकली हे त्यांचं डोकं मोजत असतं. मी विचारलं, ‘मावशी, कोण मिस्तरी चांगला?’ त्या हसायला लागल्या. मग एकीने सांगितलं, अमका बाजाराच्या आधी मजुरी देतो, तमका पंधरा दिवस फिरवतो. तमका एका पोत्याला दहा-दहा घमेली रेती घालायला लावतो. जो बायांची मजुरी बुडवतो तो माझं सिमेंट सोडील का? हे मला कोणा इंजिनिअरने सांगितलं नसतं. आणि बघा, जन्मभर घमेली वाहून यातली एकही बाई थापी हातात घेऊन गवंडी झालेली नाही. तिची मजुरीही पुरुषापेक्षा कमी. यावर एकदा वेगळं बोलायला हवं.

त्यांनी सांगितलेल्या मिस्तरीने बांधलेली दोन घरं पाहिली. नवीन नव्हे, दोन पावसाळे काढलेली. घरातल्या बाईला विचारलं, कारण गळतं कुठे, भांडी कुठे ठेवावी लागतात हे तिलाच माहीत असतं. सिमेंटच्या दुकानदारालाही विचारलं, याच्याकडे उधारी थकलीय का. थकलेला माणूस आपल्या उचलीतून आधीचं देणं फेडतो आणि आपलं काम रखडतं.

तो आला तेव्हा त्यानेही इकडेतिकडे पाहिलं. मी टेप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मोजा, मी लिहिते. या वेळी फक्त मजुरीचा ठेका दिला, माल मी आणला. वहीत लिहिलं: काय करायचं, किती फूट, काय दराने, कधीपर्यंत. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि दहावा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर. तो कुरकुरला. ‘बाई, एवढा विश्वास नाही का?’ मी म्हटलं, ‘विश्वास आहे म्हणूनच नऊ हिस्से आधी देते.’

मालातही फसगत असते. ट्रॉली आली की ‘एक ब्रास’ म्हणतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. माझ्याकडे आलेली ट्रॉली आतून दहा फूट लांब, साडेपाच रुंद, दीड उंच. गुणाकार करा, साडेब्याऐंशी भरते. तेवढ्याचेच पैसे दिले. रिकामी पोती संध्याकाळी मोजून बांधून ठेवायची. स्लॅबला एक सिमेंट, दीड रेती, तीन खडी. त्या दिवशी मी रजा काढली आणि मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसले. पुढे वर आळी करून चौदा दिवस पाणी भरून ठेवलं. मुलांनीच भरलं.

जुन्या घराला नवी खोली जोडणार असाल तर एक सांगते. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर स्लॅबचं ओझं टाकू देऊ नका, नव्या खोलीच्या भिंती तिच्या स्वतःच्या पायावर उभ्या राहू द्या.

हे बायांना जमणार नाही असं कोणी म्हटलं तर किल्लारीची आठवण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम झाला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. घर भूकंपात टिकावं म्हणून काय करायचं ते त्या शिकल्या आणि लोकांना समजावत हिंडल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी त्याआधी गावसभेत तोंड उघडलं नव्हतं.

घरकुलवाल्या बायांनी नीट ऐका. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत हप्ता थेट खात्यात येतो. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यायचं असा नियम आहे, आणि त्यात ठेकेदार नेमायचा नाही असंही मार्गदर्शक सूचनांत आहे. गवंडी आपण लावायचा. तेव्हा ‘पासबुक माझ्याकडे ठेव, सगळं करून देतो’ असं कोणी म्हटलं तर पासबुक देऊ नका. अंगठा तर मुळीच नाही. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नावे आहे ते बघून या. पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा शासन निर्णय २००३ मध्येच झाला आहे. मालक गेल्यावर माझं नाव लावायला मला अकरा खेपा घालाव्या लागल्या.

माझा मिस्तरी गणपती झाल्यावर आला. खोलीत जाऊन छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. मी उरलेले पैसे मोजून दिले, वहीत सही घेतली. जाताना म्हणाला, ‘बाई, पलीकडच्या आळीत एक काम आहे, तिथल्या वहिनींना तुमची वही दाखवाल का?’

ती वही मी आज आणली आहे. जेवणानंतर मागच्या सतरंजीवर बसते. ज्यांना उतरवून घ्यायचं असेल त्यांनी कागद-पेन घेऊन या. लिहिता येत नसेल तर मुलीला आणा.