वसईचा वेढा आणि आपली हजेरीवही
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी समितीची आज्ञा झाली. मी कीर्तनकार नव्हे, इतिहासाचा पंडितही नव्हे. तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. परंतु वाचनाची हौस आहे. परवा सभामंडपात नवी घंटा टांगताना कोणी नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेची गोष्ट काढली. ती वसईच्या विजयातली, असे सांगतात. पोरांनी विचारले, वसईला काय झाले होते? त्याचे उत्तर आज देतो.

वसई म्हणजे नुसता किल्ला नव्हता. तटबंदीच्या आत वसलेले ते बंदराचे शहर होते. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली ते पोर्तुगिजांना मिळाले आणि दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे ठाणे तेथे राहिले. आत वाडे, चर्च, मठ, बाजार. बाहेर समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून जाण्याची वाट काय ती उत्तरेकडची. मी मुद्दाम एस.टी.ने जाऊन तो तट पाहून आलो. त्याखाली उभे राहिले की माणसाची मान आपोआप वर होते.

१७३७ साली बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा यांच्या फौजेने ठाणे व साष्टी घेतली. त्याच वर्षी वसईच्या तटाला शिड्या लावून पाहिल्या. साधले नाही. मग धीराने काम सुरू झाले. शत्रूची एकेक चौकी, एकेक ठाणे तोडायचे. १७३९ च्या जानेवारीत माहीम आणि तारापूर पडले. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत आप्पा स्वतः वसईपुढे येऊन बसले. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांची मदत होती.

आतल्या लोकांचीही शर्थ होती. त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरला. इंग्रजांनी फौज दिली नाही. १५,००० रुपये कर्ज दिले, तेही चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण घेऊन! अशा हलाखीतही ते लोक तटावरून हटले नाहीत. त्यांच्या शौर्याची आपल्या बाजूनेही मोकळेपणाने वाखाणणी झाली, हे ध्यानात ठेवावे.

आप्पांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे ते म्हणाले म्हणतात. ही सांगोवांगीची गोष्ट आहे; पण लोकांनी तीनशे वर्षे जपली, यावरून प्रसंग किती निकराचा होता ते कळते.

परंतु मंडळी, तट मस्तकाने फुटला नाही आणि नुसत्या तोफांनीही फुटला नाही. तो फुटला सुरुंगांनी. मोर्चे पुढे सरकवत, वरून गोळ्या आणि जळते पदार्थ पडत असताना, माणसे तटाच्या पायथ्यापर्यंत गेली. कुदळ, फावडे, घमेले घेऊन त्यांनी बुरुजाखाली पोकळी केली, दारू ठासली. मे महिन्यात ते सुरुंग उडाले. एक उशिरा उडाला आणि पुढे धावलेल्या आपल्याच लोकांचा घात झाला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. शेवटी १६ मे १७३९ रोजी शहराने शरणागती पत्करली. पोर्तुगिजांना आठवड्याची मुदत मिळाली आणि २३ मे रोजी ते आपली चीजवस्तू घेऊन बाहेर पडले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. त्यांचे वंशज आजही वसईत शेती-वाडी करून नांदत आहेत.

या वेढ्यात मराठ्यांकडची सुमारे ५,००० माणसे मेली वा जखमी झाली आणि आतली सुमारे ८००, असे इतिहासकार लिहितात. मी हा आकडा वाचला आणि कारकुनाच्या सवयीने नावे शोधू लागलो. सरदारांची नावे सापडतात. ज्यांनी कुदळ मारली त्यांचे एकही नाव मला सापडले नाही. आमच्या कचेरीत नियम आहे: हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याची मजुरी निघत नाही. इतिहासाच्या हजेरीपटातही हेच झाले.

आता आपल्या घरची गोष्ट. देवळाच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी बसली. योग्यच झाले, त्यांच्या औदार्याशिवाय हा कळस चढला नसता, त्यांना माझा नमस्कार. परंतु जुना पाया उकरताना भर उन्हात माती कोणी उपसली? नदीवरून दगड कोणी ओढला? बांधकामाला पाणी घालण्यासाठी पहाटे कळशा कोणी आणल्या? यांतल्या पुष्कळांकडे पावती फाडण्याइतके पैसे नव्हते. पाटीत ते बसत नाहीत, हे ऐकून दोन घरची माणसे आजच्या समारंभाला आली नाहीत, हे आपणा सर्वांना माहीत आहे.

काम चालू असताना मी रोज संध्याकाळी एका वहीत श्रमदानाची हजेरी लिहीत होतो. कोणी सांगितले नव्हते. सवय म्हणून लिहिली. ती वही आज समितीच्या स्वाधीन करतो. स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी, त्याच टाइपात, ही नावे छापावीत एवढीच विनंती. आणि त्या दोन घरी निरोप घेऊन मी स्वतः जाईन.