तहान की गुदमर?

घरातल्या झाडानं मान टाकली की आपला हात आधी तांब्याकडे जातो. कोमेजणं म्हणजे तहान, ही आपली पक्की समजूत. अँथुरियमच्या बाबतीत मात्र ती घात करते.

या लाल फुलाच्या झाडाचं माहेर कोलंबिया आणि इक्वेडोरच्या दमट जंगलांत. याचे कित्येक भाऊबंद तिथे दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढतात. पाऊस मुळं भिजवतो आणि वारा ती सुकवतो. अशा मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीतली माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून चिखलात उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं दिसतं आणि आपण आणखी पाणी ओततो.

मग ओळखायचं कसं? मातीत बोट दोन पेरं खुपसा आणि कुंडी उचलून पाहा. कुंडी हलकी, मातीनं कड सोडलेली, पानांची टोकं करपून कुरकुरीत, तर ती तहान. खालच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या. कुंडी जड, माती ओली, पानं पिवळी आणि लुळी, आंबूस वास, तर पाणी जास्त झालं. तळाचं एखादंच जुनं पान पिवळं पडलं तर घाबरू नका. ते त्याचं वय असतं.

आमच्या शेजारच्या आजींकडे त्यांच्या यजमानांनी लावलेलं अँथुरियम आहे. ते गेले आणि घरातला प्रत्येक जण आठवणीनं पाणी घालू लागला. सकाळी सून, दुपारी आजी, संध्याकाळी नातू. झाड पिवळं पडलं. कुंडी उपडी केली तर मुळं काळी, लिबलिबीत. चार-पाचच पांढरी आणि टणक उरली होती. कुजकी मुळं स्वच्छ कात्रीनं कापली. नारळाच्या सोडणांचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे घालून झाड पुन्हा लावलं. पाण्याचं काम एकट्या आजींकडे दिलं. दोन महिन्यांनी नवं पान फुटलं. फूल अजून नाही. ‘‘घाई नाही,’’ आजी म्हणतात, ‘‘आता मी आधी बोट घालून त्याला विचारते.’’

पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही. तेव्हा वार मोजून पाणी घालू नका आणि कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी आठवणीनं ओतून टाका.