पोटाचं ऑपरेशन आणि उतरणारी भूल

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण पुढच्या महिन्यात आईचं हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि आमची खोली गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. म्हणून नंतरच्या दुखण्याबद्दल वाचून काढलं.

पोटाच्या ऑपरेशननंतर मॉर्फिन, फेंटानिल अशी ओपिऑइड औषधं देतात. दुखणं थांबतं, पण मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ मागे लागतं. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो.

दुसरी वाट म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच अडवायचा. पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात; आतल्या दोन थरांमधून नसा जातात. सोनोग्राफीवर बघत तिथे ब्युपिव्हाकेनसारखं बधिर करणारं औषध सोडतात. हा 'टॅप ब्लॉक'. डॉ. रफी यांनी २००१ मध्ये ही कल्पना मांडली. नसा गप्प, मग मॉर्फिनही कमी लागतं. ब्लॉक नसेल तर सर्जन टाके घालताना जखमेच्या कडेला असं औषध टोचू शकतात.

पण यात भिंत बधिर होते, आतल्या अवयवांचं दुखणं राहतं. शिवाय परिणाम काही तासांचाच. म्हणून सोबत पॅरासिटामॉल ठरल्या वेळी देतात. तरीही फार दुखलं, तर सांगायला लाजायचं नाही. तेव्हा मॉर्फिन लागलं तर लागलं.

सर्जनला सगळेच भेटतात. तुम्ही भूलतज्ज्ञांनाही विचारा: "ब्लॉक देणार का? रात्री तो उतरला की काय देणार?" आईच्या वेळी मी हेच विचारणार आहे. भेटू पुढच्या भागात!